खाडीकाठी प्रकल्प येतोय? अहवाल भरती-ओहोटी धरून वाचा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींना लागून, एखाद्या दिवशी एक चौकट छापून येते. अमुक गावाजवळ जेटी, बंदराचा विस्तार किंवा मोठा कारखाना प्रस्तावित आहे. पर्यावरणविषयक जनसुनावणी अमुक तारखेला, अमुक सभागृहात. खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नाव. तुमच्या गावाजवळ अभयारण्य असेल, कासवांची पुळण असेल, खारफुटीचं मोठं रान असेल, तर ही चौकट कापून ठेवा आणि तारीख मोजायला लागा. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीआधी लोकांना किमान ३० दिवस मिळायला हवेत. हे दिवस कसे वापरायचे, यासाठी हा लेख आहे.

सुनावणीत लोक पोटतिडकीने बोलतात. समुद्र आमचा, मासळी गेली, पक्षी गेले, पोरांनी काय खायचं? यातलं काहीच खोटं नसतं. पण इतिवृत्तात त्याची ‘स्थानिकांनी पर्यावरणाबद्दल चिंता व्यक्त केली’ एवढी एकच ओळ होते, आणि कंपनीचं उत्तरही तयार असतं की योग्य ती काळजी घेतली जाईल. प्रकल्पाच्या परिणाम मूल्यांकन अहवालातल्या एखाद्या पानाला, तक्त्याला, नकाशाला थेट भिडणारा मुद्दा मांडला, तर असं गुळमुळीत उत्तर देऊन भागत नाही. त्यासाठी अहवाल वाचायला हवा. तो हजार पानांचा असला तरी संरक्षित जागेपुरतं पाहायचं तर त्यातली मोजकीच पानं महत्त्वाची असतात.

हद्द कुठे आणि अंतर कुठून

मसुदा अहवाल आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी लोकांना पाहण्यासाठी ठेवलेला असतो. केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर अर्जाची कागदपत्रंही मिळतात. सारांशावर थांबू नका. त्यात प्रकल्पाचे फायदे आणि हिरवळीचा पट्टाच जास्त असतो. मूळ अहवालातला नकाशा आधी काढा.

किनारा नियमन क्षेत्राची सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची आहे. तिच्या पहिल्या वर्गातल्या ‘अ’ भागात खारफुटी, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जिवंत चिखलपट्टे, खाऱ्या पाण्यातली गवताळ दलदल, कासवांच्या विणीच्या जागा, राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं येतात. खारफुटी १००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्याभोवती आणखी ५० मीटरचा पट्टा राखावा लागतो. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासची पुळण अभयारण्य नसली, तरी कासवांच्या विणीची जागा म्हणून तिला कायद्याचं संरक्षण आहे. पण नकाशात तशी नोंद असेल तरच त्याचा उपयोग. म्हणून पहिलं काम हे की अहवालातला नकाशा मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशाशेजारी ठेवायचा आणि भरतीरेषा दोन्हींत एकाच जागी आहे का, तुमच्या गावची तिवरं दोन्हींत दिसतात का, हे बघायचं. शेतात आलेली तिवरं, बांध फुटून खाजण झालेली जमीन, ओढ्याच्या मुखाशी अलीकडे वाढलेली झाडं, या जागा हमखास सुटतात.

त्याच यादीत पक्ष्यांच्या ‘विणीच्या’ जागांचाही उल्लेख आहे. मुंबई-ठाण्याच्या खाडीत येणारे फ्लेमिंगो इथे वीण करत नाहीत. ते इथे खायला आणि विसावा घ्यायला येतात. त्यामुळे त्यांची विसाव्याची तळी या नोंदीत आपोआप येत नाहीत. तिथे चिखलपट्टा आहे, खारफुटी आहे, भरतीचं पाणी आत येतं, हे दाखवून द्यावं लागतं. दाखवणार कोण? रोज ते तळं पाहणारी माणसंच.

आता अंतरं. अर्जाच्या पहिल्या नमुन्यातच कंपनीला १५ किलोमीटरच्या आतल्या संवेदनशील जागांची माहिती हवाई अंतरासह द्यावी लागते. राज्य पातळीवर निकाली निघणारे अनेक प्रकारचे प्रकल्प संरक्षित क्षेत्रापासून ५ किलोमीटरच्या आत असतील, तर ते केंद्राच्या तज्ज्ञ समितीकडे जातात. अभयारण्याचं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र अजून जाहीर झालेलं नसेल, तर १० किलोमीटरच्या आतल्या अशा प्रकल्पाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारसही लागते. म्हणून हे अंतर कुठून कुठपर्यंत मोजलं आहे ते तपासा. प्रकल्पाच्या मुख्य इमारतीपासून मोजलेलं अंतर आणि त्याच प्रकल्पाच्या गाळ टाकण्याच्या जागेपासून, जोडरस्त्यापासून किंवा जहाजांच्या वाटेपासून मोजलेलं अंतर यांत बराच फरक पडू शकतो.

या पहिल्या नमुन्याला हलकं समजू नका. गोव्यातल्या मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली, त्यामागे अर्जात परिसरातल्या संवेदनशील बाबींची माहिती नीट दिली नव्हती हे एक मुख्य कारण होतं. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने पुन्हा विचार करून जादा अटी घातल्या आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने मंजुरीला वाट दिली. विमानतळ झाला, पण त्या जादा अटी आल्या त्या लोकांनी अर्जातल्या रकान्यांवर बोट ठेवलं म्हणूनच.

फ्लेमिंगो भर दुपारी कुठे असतात?

माझ्या मते किनाऱ्यावरच्या अहवालांतली सगळ्यांत मोठी उणीव नकाशावर दिसत नाही, कारण ती वेळेची असते. ठाणे खाडीचं उदाहरण घेऊ. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. कागदावर संरक्षण भक्कम आहे. पण पक्षी त्या हद्दीत चोवीस तास राहत नाहीत. ओहोटीला चिखल उघडा पडला की फ्लेमिंगो, तुतारी, पाणटिवळे असे हजारो पक्षी तिथे चरतात. भरती आली की तोच चिखल पाण्याखाली जातो आणि पक्ष्यांना उथळ, मोकळी, कुत्र्या-माणसांपासून लांब अशी जागा शोधावी लागते. नवी मुंबई आणि उरणकडची तळी ही ती जागा आहे: नेरूळचा डीपीएस तलाव, सीवूड्समधल्या एनआरआय वसाहतीमागचं आणि टी. एस. चाणक्य संस्थेलगतचं पाणथळ, उरणचं पाणजे. यातली बहुतेक अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र खाडी आणि तळं मिळून एकच घर आहे. एक खोली बुजवली तर दुसरी निरुपयोगी होते.

२०२४ मध्ये हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. डीपीएस तलावात भरतीचं पाणी यायच्या वाटा बंद झाल्या, तलाव कोरडा पडत गेला, आणि त्याच उन्हाळ्यात परिसरात फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या. तलावात कुणी भराव टाकला नव्हता, कुणी झाडही तोडलं नव्हतं. नुसतं पाणी यायचं थांबलं. रहिवासी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी प्रश्न लावून धरला, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. म्हणून अहवालात पाण्याच्या वाटा शोधा. नाले, मोऱ्या, पाइप, बांधातली उघडझाप, आणि प्रकल्पाच्या रस्त्याखालून पाणी जायला किती जागा ठेवली आहे ते. रस्ता तळ्याच्या बाहेरून जातो म्हणून तळं सुरक्षित आहे असं कुणी म्हटलं, तर लगेच विचारा की पाणी कुठून येणार.

आता सर्वेक्षणाची वेळ. मुंबईत तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला साधारण बारा. याचा अर्थ उधाणाच्या दिवसांत मुंबईत पूर्ण भरती भर दुपारी आणि मध्यरात्री येते. पक्षीनिरीक्षणाचा सर्वसाधारण रिवाज मात्र सकाळचा. सकाळी सहा-सातला खाडीत ओहोटी असते आणि पक्षी दूर चिखलावर पसरलेले असतात. सर्वेक्षण करणारा दहापर्यंत काम आटोपून निघाला, तर तळं त्याला रिकामं दिसणार आणि तो तसंच लिहिणार. त्याने खोटं लिहिलेलं नसतं. दोन-तीन तास थांबला असता तर तेच तळं त्याला गुलाबी झालेलं दिसलं असतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरतीचं पाणी कमी चढतं, काही चिखल उघडाच राहतो आणि पक्ष्यांना फारसं हलावं लागत नाही. म्हणून फक्त भांगाच्या दिवशी मोजणी केली तरी चित्र अपुरंच राहतं.

अहवालात पक्ष्यांच्या तक्त्यापाशी तारीख, तास आणि भरतीची स्थिती दिली आहे का, ते पाहा. नसेल तर तोच तुमचा पहिला आक्षेप. आणि तुमची स्वतःची नोंद आजच सुरू करा. त्याला मोठं शिक्षण लागत नाही. एक जागा ठरवा, उधाणाचे दिवस धरा, भरतीआधी तासभर पोहोचा आणि भरती उतरेपर्यंत थांबा. किती पक्षी होते हे अचूक सांगता आलं नाही तरी चालेल. पन्नासाचा एक गठ्ठा नजरेने ठरवायचा आणि असे किती गठ्ठे बसतात ते पाहायचं. ते कुठल्या दिशेने आले, कुठे उतरले, कशामुळे उडाले, हे लिहायचं. फोटोत पक्ष्यांमागे एखादी ओळखू येणारी इमारत, पूल किंवा टॉवर यायला हवा. नुसता जवळून घेतलेला सुंदर फोटो कुठल्या तळ्यावरचा आहे हे सिद्ध करता येत नाही. मोबाइलमध्ये जागेची नोंद सुरू ठेवा आणि मूळ फाइल पुसू नका. ‘ईबर्ड’सारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद चढवलीत तर तारखेसह ती टिकून राहते. जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत तुमचं तळं घेता येतं का, हेही स्थानिक पक्षीमित्रांना विचारा.

कुठला हंगाम?

अशा अहवालांसाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती बहुतेक वेळा पुरेशी धरली जाते. हवा-आवाजाच्या मोजणीला ते चालत असेल. जिवांच्या बाबतीत त्या एका हंगामावर सगळं अवलंबून असतं. कोकणात ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात, आणि पिल्लं बाहेर पडणं त्यानंतरही चालू राहतं. मुंबईत फ्लेमिंगोंचा मुक्काम हिवाळ्यापासून मेपर्यंत, कधी जूनपर्यंत. चिखलातले छोटे पक्षी मात्र पावसाळा सरता सरताच यायला लागतात आणि उन्हाळा तापेपर्यंत परततात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अभ्यासात फ्लेमिंगो जेमतेम दिसतील. एप्रिल-मेच्या अभ्यासात ते दिसतील, पण कासवांची वीण संपत आलेली असेल. कुठलाही एक हंगाम निवडला तरी कुणीतरी सुटतंच. म्हणून अहवालात ‘प्रजाती आढळली नाही’ असं वाक्य दिसलं की शेजारचा महिना बघायचा.

प्राण्यांची यादीही नीट वाचा. कावळा, साळुंकी, मुंगूस, गाय-म्हैस अशी कुठल्याही गावाला लागू पडणारी यादी असेल आणि खाडीतल्या जिवांचा पत्ता नसेल, तर ती टेबलावर बसून केली असण्याची शक्यता मोठी. अहवालात सल्लागार संस्थेची मान्यता आणि कुठल्या तज्ज्ञाने कुठला भाग लिहिला हे द्यावं लागतं. जीवशास्त्राच्या भागावर सही कोणाची आहे आणि तो माणूस प्रत्यक्ष जागेवर कधी आला होता, हे सुनावणीत सरळ विचारावं. सभ्य शब्दांत विचारलेला हा प्रश्न फार उपयोगी पडतो.

आणि गावातल्या माहितीला कमी लेखू नका. ओहोटीला तिसऱ्या-कालवं काढणाऱ्या बायकांना चिखल कुठे घट्ट आहे, कुठे गाळ नव्याने साचलाय, कुठली जागा दोन वर्षांत ओस पडली, हे पायांना कळतं. त्यांचं म्हणणं तारीख, जागा आणि नाव घालून लिहून घेतलं की तो पुरावा होतो. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने जेएनपीटी बंदराच्या परिसरातल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणातही भरतीच्या पाण्याची वाट अडणं, खारफुटीची तोड आणि मासेमारीच्या जागा जाणं हेच मुद्दे होते.

वाळू, उजेड आणि गाळ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांबरोबर कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आज कोकणात अनेक गावं हे काम वनविभागासोबत करतात. अशा पुळणीजवळ रिसॉर्ट, किनारी रस्ता किंवा बंधारा येणार असेल, तर उजेड आणि वाळू या दोन गोष्टींवर लक्ष ठेवा.

पिल्लू रात्री वाळूतून बाहेर येतं आणि उजळ क्षितिजाकडे निघतं. निसर्गात ते क्षितिज समुद्राचं असतं. मागे रस्त्याचे दिवे असतील तर ते जमिनीकडे वळतं. मादीही झगमगत्या किनाऱ्यावर यायला कचरते. अहवालात ‘प्रकाशयोजना’ हा भाग बहुधा विजेच्या बचतीच्या पानावर असतो, वन्यजीवांच्या पानावर नसतो. दिव्यांची उंची, झाकण, दिशा आणि विणीच्या महिन्यांत ते किती वाजता बंद होणार, हे मंजुरीच्या अटींत यावं अशी लेखी मागणी करा.

वाळूचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. किनाऱ्यालगत वाळू सतत सरकत असते. तिच्या वाटेत जेटी किंवा बांध आला की एका अंगाला ती साठते, दुसरीकडे धूप सुरू होते. शिवाय पुळण पावसाळ्यात खचते आणि नंतर पुन्हा भरते. डिसेंबरमध्ये मोजलेली रुंदी वर्षभराची म्हणून छापली, तर किनारा आहे त्याहून भक्कम दिसतो. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याने मागची घरं वाचतात, ती वाचायलाही हवीत. पण बंधाऱ्यापुढची पुळण उतरत जाते आणि भरतीचं पाणी थेट दगडाला लागलं की कासवाला अंडी घालायला कोरडी वाळूच उरत नाही. म्हणून बंधाऱ्याचा प्रस्ताव आला की वर्षभराचं किनाऱ्याचं मोजमाप मागा. गावात जुने फोटो असतील, लग्नातले, सहलीतले, ज्यांत मागे पुळण दिसते, तेही गोळा करा. वनविभागाकडे घरट्यांची नोंद असते. माहिती अधिकारात ती मागवता येते, अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सुनावणीची चौकट छापून येण्याची वाट पाहत बसलात तर हे उत्तर वेळेत हाती येणार नाही, म्हणून हा अर्ज दरवर्षी करून ठेवावा.

गाळ काढण्याच्या कामात पाणी गढूळ होतं आणि तो गढूळपणा प्रवाहाबरोबर पसरतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरांहून थोडं अधिक, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तिथल्या प्रवाळांना स्वच्छ पाणी आणि उजेड लागतो. अशा जागेजवळ गाळ किती काढणार, कुठे टाकणार, कुठल्या महिन्यांत काढणार आणि गढूळपणा किती वाढला की काम थांबवणार, या चार प्रश्नांची आकड्यांत उत्तरं नसतील तर तो भाग अपुरा आहे असं लिहून द्या.

‘पक्षी दुसरीकडे जातील’

हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत अनेक अहवालांत भेटतं, आणि मला ते वाचून दरवेळी राग येतो. दुसरीकडे म्हणजे कुठे? ती जागा अहवालाने दाखवायला हवी. तिथे आज किती पक्षी आहेत, ती कोणाच्या मालकीची आहे, तिच्यावर दुसरा प्रकल्प नाही ना, हेही सांगायला हवं. ठाणे खाडीच्या परिसरात २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, बंदर आणि गोदामं वाढतच आहेत. प्रत्येक अहवाल आपापला परिणाम ‘नगण्य’ म्हणतो. सगळे नगण्य एकत्र केले की काय उरतं, हे पाहायचं काम एकत्रित परिणामांच्या प्रकरणाचं असतं. ते प्रकरण आहे का, आणि त्यात शेजारच्या प्रकल्पांची नावं आहेत का, ते बघा.

भरपाईच्या झाडांबद्दलही जागरूक राहा. खारफुटी तोडल्याबद्दल दुसरीकडे खारफुटी लावतात, आणि ती दुसरी जागा पुष्कळदा उघडा चिखलपट्टा असते, कारण तिथे काहीच नाही असं वाटतं. तोच पक्ष्यांचं ताट असतो. तिथे तिवरं दाट झाली की फ्लेमिंगो उतरत नाहीत. लागवडीच्या जागेचा गट क्रमांक मागा आणि ओहोटीला तिथे जाऊन या. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात सार्वजनिक हिताच्या गरजेशिवाय खारफुटीला हात लावायला मनाई केली आहे; म्हणून आधी तोड टाळता येते का हे विचारा, लागवडीचं बोलणं त्यानंतर. पर्यायी जागांचा विचार कसा केला, हे अहवालात असावं लागतं. सगळेच पर्याय एकाच खाडीच्या काठावरचे असतील तर तो पर्याय नव्हे.

सुनावणीच्या दिवशी

सुनावणीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी असतात. उपस्थितीची किमान संख्या ठरलेली नाही, चित्रीकरण होतं आणि हजर असलेल्या प्रत्येकाला बोलायची संधी मिळायला हवी. शेवटी सगळ्या म्हणण्याचा सारांश लोकांच्या भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तोपर्यंत लोक जेवायला पांगतात आणि नेमकं तेव्हाच आपला मुद्दा गळाला का ते कळणार असतं. दोघांनी तरी शेवटपर्यंत बसावं, सुटलेला मुद्दा तिथल्या तिथे नोंदवून घ्यावा. लेखी निवेदन आधीच द्यावं आणि पोच घ्यावी.

निवेदनात ‘प्रकल्पामुळे पक्ष्यांचे नुकसान होईल, म्हणून आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलंत तर त्याला उत्तर द्यायला कुणी बांधील राहत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘मसुदा अहवालातील पक्षी सर्वेक्षण एप्रिल महिन्यात सकाळी ७ ते १० या वेळेत झाले आहे. त्या तारखांना पूर्ण भरती दुपारी होती. गावाच्या पूर्वेकडील तळ्यावर भरतीच्या वेळी पक्षी विसावतात. हे तळे अहवालातील नकाशात दाखवलेले नाही. तारीख-वेळेसह नोंदी व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. हिवाळा व उन्हाळा या दोन्ही काळांत उधाणाच्या दिवशी भरतीच्या वेळचे सर्वेक्षण करून त्याचे निष्कर्ष अंतिम अहवालात घ्यावेत, व तोपर्यंत मंजुरीचा विचार करू नये.’ पान क्रमांक घाला. एका निवेदनात चार-पाच मुद्दे पुरे झाले; वीस मुद्द्यांत चांगले दोन हरवतात.

हे सगळं सुनावणीपूर्वीच करायचं, कारण पुढचा वेग तुमच्या हातात नसतो. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे, तरी तिथल्या वाढवण बंदराची जनसुनावणी जानेवारी २०२४ मध्ये झाली आणि पर्यावरण मंजुरी फेब्रुवारीत आली.

काही प्रकल्पांना सुनावणीच नसते. गृहसंकुलं आणि बांधकाम प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेने त्यातून सूट दिली आहे, आणि किनाऱ्यावरचं छोटं रिसॉर्ट तर बहुधा मूल्यांकनाच्या मर्यादेखालीच राहतं. पण किनारा नियमन क्षेत्रात बांधायचं तर त्या कायद्याखालची परवानगी लागते. अशा वेळी महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकांची विषयपत्रिका पाहत राहा आणि बैठकीआधी नोंदींसह लेखी आक्षेप पाठवा. त्याची प्रत राज्याच्या कांदळवन कक्षालाही द्या.

मंजुरी मिळाल्यावर

मंजुरी मिळाली की कंपनीने सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत तशी जाहिरात द्यायची असते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ती तारीख लिहून ठेवा. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं; उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे एक दिवसही नाही. पश्चिम भारतासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे.

अपील करायचं नसलं तरी मंजुरीपत्र ग्रामपंचायतीत लावून घ्या आणि अटींवर खुणा करा. कंपनीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. तो मागवा, हातात घेऊन तळ्यावर जा. मोरी ठरल्या मापाची बांधली आहे का, विणीच्या महिन्यांत दिवे बंद असतात का, गाळ ठरलेल्या जागीच टाकला जातो का, आवाज रोखणाऱ्या भिंती लागल्या का, हे स्वतः पाहा. जिथे फरक दिसेल तिथला फोटो, तारीख आणि अटीचा क्रमांक एकाच पत्रात घालून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा, आणि पुढच्या उधाणाला पुन्हा तिथे जाऊन काय बदललं ते पाहा.